परतीची एक्की

आपा, तुला माती देऊन माणसं परत आली तेव्हा मी तुझ्याच ओसरीवर बसले होते. बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं, म्हणून सेनगावातल्या तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकिणी तिथंच दाटीवाटीनं बसल्या होत्या. तू भरलेली बांगडी कशी कधी टिचली नाही, तुझ्या हाताखाली हात कसा दुखायचा नाही, असं काहीबाही चाललं होतं. मी त्यात नव्हते. मी कोपऱ्यात फरशीवर कोळशानं काढलेल्या गोलाकडे बघत होते. गोल कोणी पुसला नव्हता. त्याच दुपारी तू तिथवर आली होतीस, आणि पुढचा पूल राहिला होता.

मरणाची मला सवय आहे. सरकारी दवाखान्यात नर्सचं काम करणाऱ्या बाईला ती लावून घ्यावी लागते. सवय नाही ती अर्धवट सुटलेल्या खेळाची.

आपली पहिली भेट तुला आठवत असेलच, कारण तू ती दर नव्या माणसाला सांगायचीस आणि दर वेळी मला जास्त तहानलेली करायचीस. मी बदली होऊन नुकती आले होते. उन्हात घरोघर फिरून घसा कोरडा पडला, म्हणून तुझ्या दारात थांबले. तू ओसरीवर एकटी बसून गजगे खेळत होतीस. सागरगोट्यांच्या राखाडी, गुळगुळीत बिया, पाच. तुझ्या वयाच्या बाईला असं एकटीनं खेळताना मी पाहिलं नव्हतं.

"बिनबांगडीचे हात घेऊन बांगडीवालीकडं काहून आली?" तू वर न बघता विचारलंस.

"पाणी प्यायला."

"बैस. पडले की देते."

मी बसले. तू पडेचनास; एकही गजगा हातून सुटेना. पाणी मिळालं तोवर तुझ्या परसातल्या शेळीनं माझ्या पिशवीतला कापूस ओढून काढला होता.

गजगे मलाही येत होते; लहानपणी कोणाला येत नाहीत? एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे. एक-एक उचलले की एक्की, दोन-दोन म्हणजे दुक्की, तीन एकदम उचलून उरलेला एक म्हणजे तिक्की, चारही एकदम म्हणजे चौकी. त्यापुढं पूल. एका हाताची बोटं जमिनीला टेकवून कमान करायची आणि दुसऱ्या हातानं खेळत एकेक गजगा कमानीखालून ढकलायचा. मग विहीर. कोळशाच्या गोलात गजगे एकेक ठेवायचे, रेघेला लागला की पडलीस. शेवटी पाठ. पाचही उडवून हाताच्या पाठीवर झेलायचे, तिथून पुन्हा उडवून तळव्यात.

हे सात टप्पे गावोगाव थोड्याफार फरकानं आहेत. तुझ्याकडे मात्र त्यांत एक बाई होती.

वर उडतो तो गजगा म्हणजे बाई, असं तू मानायचीस. ती सेनगावातून निघते. एक्कीत घरातल्या वस्तू एकेक गोळा करते, दुक्कीत गल्ली, तिक्कीत नाला. चौकी म्हणजे कनेरगावचा नाका. निजामाच्या काळात तिथं सामान तपासायचे, म्हणून सगळं एका झपाट्यात उचलून निसटायचं. पूल पैनगंगेचा. विहीर पलीकडच्या रानातली. आणि पाठीवर सगळा संसार घेऊन ती मुक्कामाला पोचते. मुक्काम कुठला, हे तू कधी सांगितलं नाहीस.

"पोचल्यावर कळंल," म्हणायचीस.

"तू तर कितीदा पोचलीस."

"मी पोचले. तू कुठं पोचली?"

बाई कोण व्हायची, हेही आधी ठरवावं लागे. पाच गजग्यांतला एक जड होता, एक वाळून हलका झालेला, दोन साधे, आणि एका बाजूनं चपटा असा एक वाकडा. एकदा निवडला की मुक्कामापर्यंत बदलायचा नाही. मी नेहमी जड घ्यायची. तो सरळ वर जातो, सरळ खाली येतो. तू वाकडा घ्यायचीस. हवेत तो कसाही फिरायचा, झेलताना बोटांतून निसटायला बघायचा.

"मुद्दाम तकलीफ काहून करून घेतेस?" मी विचारलं.

"सरळ बाईला कुणी बी पोचवंल," तू म्हणालीस.

खेळांबद्दल तुझी मतं इतकी होती, की बांगड्या भरता भरता तू ती सांगायचीस आणि गिऱ्हाइकीण हात दुखायचं विसरायची. पट तुला नको होता, कारण कवड्या पडतील तशा पडतात आणि त्यात आपण फक्त नशिबाचे हमाल. पत्ते नकोत, कारण समोरचा चुकला की आपण जिंकतो. "दुसऱ्याच्या चुकीवर जिंकलेली बाई घरी जाऊन काय सांगंल?" गजगेसुद्धा तुला पाळीपाळीनं खेळायला आवडायचे नाहीत. समोरची कधी पडेल याची वाट बघून मन खराब होतं, असं तुझं म्हणणं. एकटीनं खेळावं. पडलीस तर तुझा हात, पोचलीस तरी तुझाच.

नरसीच्या जत्रेत तू केलेला तमाशा मी विसरणार नाही. एका माणसानं खिळे ठोकलेली तिरकी फळी मांडली होती. खटका ओढायचा, गोळी वर जाते, खिळ्यांवर आपटत आपटत खाली येते आणि कुठल्या तरी खणात पडते. मला मजा वाटली. तू ओढलास, हरलीस. पुन्हा ओढलास, हरलीस. मग तू त्या माणसाला म्हणालीस, "दादा, मी काय चुकले ते सांग."

"चुकायचं काय त्यात, मावशी? गोळीच तिकडं गेली."

"मग मला काहून बोलवलं? गोळीलाच खेळू दे."

परत येताना बसमध्ये तू तुझा निकाल दिलास. खेळ कितीही अवघड असावा, पण लबाड नसावा. हरवावं त्यानं खुशाल, पण का हरवलं ते दर वेळी दाखवावं, म्हणजे पुढच्या वेळी हात शहाणा होतो. मी तेव्हा जांभई दिली. आता सांगते, तुझं ते बोलणं मी पुढं शिकाऊ नर्सांना इंजेक्शन शिकवताना वापरलं. तुझं नाव सांगितलं नाही.

इथवर आपलं जमत होतं. वाद होता तो पडल्यानंतरचा.

तुझा नियम असा, की कुठंही पडलं तरी पुन्हा एक्कीपासून. सहा टप्पे करून पाठीवरून एक गजगा सांडला, तरी बाई परत सेनगावात. माझा नियम असा, की पडली तिथून. माझं म्हणणं साधं होतं. एक्की मला येते. जे येतं तेच दिवसभर करायचं आणि जे येत नाही त्याला हातच लावायला मिळायचा नाही, ही कसली रीत?

तू म्हणायचीस, "नुसती पाठ कुणाला बी जमंल. सहा ठिकाणाहून वाचून आलेला हात कापत असतो, कौसल्या. त्या कापणाऱ्या हातानं झेलायचं हाय. पडलीस तिथून उठलीस तर पडायचं भेवच राहणार न्हाई. आन् भेव न्हाई तर मजा कशाची?"

"भेव मी दवाखान्यात रोज बघते. मला ते खेळात नको."

"मग तू खेळूच नको. सुपारी कातर."

गल्लीतल्या पोरी तुझ्याकडे शिकायला यायच्या आणि तुझ्या नियमाला कंटाळून निम्म्या पळायच्या. त्यांना मी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या नियमानं शिकवलं. तू त्यांना 'दवाखान्याची टोळी' म्हणायचीस. पण हात बसला की त्यातल्या चांगल्या चांगल्या पोरी आपणहून तुझ्या ओसरीवर यायच्या. मी म्हणायची, मी तयार केल्या. तू म्हणायचीस, मी पक्क्या केल्या. दुष्काळात जेव्हा बायका खडी फोडायला जात होत्या आणि बांगडीकडे कोणी बघत नव्हतं, तेव्हा याच पोरी कामावरून येऊन तुझ्या अंगणात बसायच्या. फुटलेल्या हातांनी खेळायच्या. त्या वर्षी तू एकीलाही सुपारी कातरायला सांगितलं नाहीस, हे मी पाहिलं होतं.

मग तुला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली होती ती सुटली, पायही काठीच्या आधारानं चालू लागला. हात मात्र आला नाही. बांगडी भरायला दोन हात लागतात; एकानं गिऱ्हाइकाचा हात दाबायचा, दुसऱ्यानं बांगडी सरकवायची. तुझी सून नसीम दुकान बघायला लागली. बायका यायच्या, तुला "कसं हाय आपा?" विचारायच्या आणि नसीमकडे वळायच्या. तू भिंतीकडे तोंड करून निजायला लागलीस. मी दुखण्यातली माणसं पुष्कळ बघितली आहेत. तुझं ते निजणं मला आवडलं नाही.

गजगे मीच काढायला लावले. तू डाव्या हातानं एकदा खेळून बघितलंस, एक्कीतही पडलीस, आणि संतापानं गजगे अंगणात भिरकावलेस, म्हणून नसीमनं ते गोळा करून चिंचोक्यांच्या डब्यात लपवले होते. "अम्मीला त्रास व्हतो, खाला. नगं ते," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, त्रास होतो म्हणजे जिवंत आहे. डबा खाली घे.

तुला मी म्हटलं, डावा हात चालू राहिला तर बरं. रोज थोडं खेळ. पडलीस की तिथूनच पुढं चालू कर.

"काहून?"

"कारण हा व्यायाम आहे, आपा."

"व्यायाम तुझ्या दवाखान्यात. हितं खेळ हाय."

आणि तू एक्कीपासून सुरू केलंस. पडलीस की एक्की. पुन्हा पडलीस की एक्की. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, तरी तू दुक्की-तिक्कीच्या पुढं नव्हतीस. तेव्हा आपलं भांडण झालं. मी म्हणाले, "अशानं मरशील, पण पूल यायचा न्हाई." नसीमच्या हातातला चहा सांडला. तू शांतपणे म्हणालीस, "मग पूल तू कर." ते वाक्य मी मागं घेत नाही. डाव्या हाताची बाई, त्यात वाकडा गजगा, त्यात तो नियम. कुठल्याही शहाण्या माणसानं हेच म्हटलं असतं.

संक्रांतीच्या आधीच्या दिवसांत तुझं अंगण बायकांनी भरलेलं होतं. नसीम बांगड्या भरत होती. मी एका बाळंतिणीकडून परत येताना डोकावले. तू तुझ्या कोपऱ्यात खेळत होतीस आणि नेहमीप्रमाणे कोणाचं लक्ष नव्हतं. मग चौकी झाली. चारही गजगे एका झपाट्यात तुझ्या डाव्या मुठीत गेले, वाकडा वरून येऊन त्यांच्यात बसला, आणि शेजारची शांताबाई बोलता बोलता थांबली. एकेक करत सगळ्याच थांबल्या. आता पूल होता, आणि पुलाला दुसरा हात लागतो.

शांताबाई पुढं सरकली. "आपा, माझा हात घ्या पुलाला."

माझाही हात पुढं झाला होता, हे तू बघितलंस.

"दुसरीच्या पुलावरून गेली तर पोचली कशी म्हणू?" तू म्हणालीस. मग डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलंस, एखादी वस्तू उचलावी तसा तो हात मांडीवरून उचललास आणि फरशीवर टेकवलास. आत वळलेली, आखडलेली ती बोटं. मी वर्षभर तेल लावून, ओढून, चोळून ती सरळ करायला बघत होते आणि ती सरळ झाली नव्हती. म्हणून कमान झाली. माझ्या कुठल्याही पोरीच्या हाताची होणार नाही अशी पक्की, न हलणारी कमान.

चारही गजगे तिच्याखालून गेले.

विहिरीत एक रेघेच्या इतका जवळ बसला, की शांताबाईनं वाकून बघितलं आणि मान हलवली, लागला नव्हता. मग पाठ. तू पाचही उडवलेस, हात उलटा केलास. चार मधे बसले. पाचवा, तुझा तो वाकडा, करंगळीच्या कडेवर पडला. तिथं गोल गजगा राहिलाच नसता. हा चपट्या बाजूवर टेकला आणि राहिला. मी इतकी वर्षं ज्याला नावं ठेवली, तो. तू श्वास घेतलास, पुन्हा उडवलंस आणि मूठ मिटलीस.

नसीमच्या हातात कोणाची तरी बांगडी कचकन फुटली.

"पोचली," तू म्हणालीस.

मी विचारलं, "कुठं ते तरी सांग आता."

तू मूठ उघडून त्या पाचांकडे बघितलंस. "कुठं बी असंना. आता परत यायचं. घर तर मागंच राहिलं की."

त्या दिवशी मी नर्स झाल्यापासून पहिल्यांदा हातात बांगड्या भरल्या. तू म्हणालीस, "हिला मी भरणार." माझा हात नसीमनं दाबला आणि बांगडी तू डाव्या हातानं सरकवलीस. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना काढाव्या लागल्या. दोन फुटल्या. बाकीच्या आहेत.

नंतर बायका तुझ्याकडे वळूनच बसायला लागल्या. नसीम हात दाबायची, तू भरायचीस. पण तुला त्याचं काय? तुझं डोकं परतीत होतं. परतीचा नियम तू स्वतःच केलास. सगळं उलट्या क्रमानं: पाठ, विहीर, पूल, चौकी, तिक्की, दुक्की, आणि शेवटी एक्की, म्हणजे बाई घरी. आणि मधे कुठंही पडली, तर जायच्या एक्कीपासून पुन्हा सगळं. मी म्हटलं, हा तर जुलूम आहे. तू इतकी खूश दिसत होतीस, की मी सुपारी कातरायला बसले.

तुझ्या शेवटच्या दुपारी तू न पडता पोचली होतीस, परतीची पाठ केली होतीस, विहीर केली होतीस. नसीम सांगते, तू म्हणालीस, "जरा पाठ टेकते. नमाज झाली की पूल." गजगे गोलात तसेच ठेवून तू आडवी झालीस. ती नमाजेला उठवायला गेली तेव्हा तू गेली होतीस. मी धावत आले, पण माझं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. एक सांगते, तू पडली नव्हतीस. हे मी तिथं जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. कोणाला कळलं, कोणाला नाही.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, तुझ्यासाठी दुवा मागायला, बायका कलमा पढायला बसल्या. किती वेळा पढलं ते मोजण्यासाठी नसीमनं पांढऱ्या चादरीवर चिंचोक्यांचा डबा ओतला आणि त्यातून तुझे पाचही गजगे घरंगळत बाहेर आले. रडारडीत तिनंच ते पुन्हा त्याच डब्यात टाकले होते. ती घाईनं वेचायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "राहू दे गं. त्याच्यावर बी पढू." मग ते हातोहात फिरले. मी पढणाऱ्यांतली नाही, पण कोणाच्या हातात वाकडा येतो ते बघत होते. ज्या बाईच्या हातात आला, ती दुष्काळातली एक पोर होती. आता लेकुरवाळी. तिनं तो अंगठ्यानं ओळखला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढं पढत राहिली.

सगळं आटोपल्यावर नसीमनं ते पाच माझ्या हातात ठेवले. "खाला, हे तुमीच ठेवा. मला बघवत न्हाई."

आता ऐक. माझं वय झालंय, बोटं जाड झाली आहेत आणि वाकडा गजगा माझ्या हातात कधीच बसलेला नाही. तुझा नियम लावला तर खेळणारी बदलली तिथंच खेळ मोडला, आणि बाई पैनगंगेच्या पलीकडे कायमची राहिली. मला ते मान्य नाही. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर बसले आणि परतीच्या पुलापासून सुरू केलं. पडले. पुन्हा पुलापासून. आपल्या जुन्या टोळीतली एकजण, आता इथंच नर्स, शिकाऊ पोरींना घेऊन आली, त्या उभ्या राहून बघायला लागल्या, तरी मी उठले नाही. तिसऱ्या दुपारी पूल झाला. नाक्यावर दोन दिवस अडकले. तिक्की, दुक्की सोप्या गेल्या. तुझ्या नियमानं एक्कीत सगळी हयात घालवायची तर ती घालवणाऱ्या तुझ्यासारख्या असाव्या लागतात; मला एक्की एकदाच करायची होती, आणि तीही शेवटची.

तुझं एक खरं निघालं. शेवटच्या एक्कीत हात कापत होता. पडले तर तिथूनच उठायचं आहे हे माहीत असूनही कापत होता. भेव होतं आणि मजाही होती. हे मी तू असताना कबूल केलं नसतं.

काल दुपारी चौथा गजगा उचलला, आणि वाकडा वरून येऊन मुठीत बसला. बाई घरी आली, आपा. कशी आणली ते विचारू नकोस. पडली तिथून उचलली.